म्हणे पर्यावरणप्रेमी!

अहो, काल कोल्हापुरात तुमची शोकसभा झाली आणि तिथं तुम्हाला पर्यावरणप्रेमी करून टाकलं. हसताय ना? हसा. मला मात्र खुर्चीत बसवेना झालं होतं.

सभा आमच्या समितीनंच ठेवली होती. मी नकोच म्हणत होते. म्हटलं, नदी वाचवायला निघालेल्या ह्या समितीला सुभेदारांनी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, आणि त्यांच्या फोटोला हार तुम्हीच घालणार? पण आमचे सरचिटणीस पाटणकर सर म्हणजे अगदी देवमाणूस. "बाई, मतभेद काय, माणूस असेपर्यंतच," म्हणाले. तिथंच माझं डोकं सटकलं होतं. पण दिवस दुखवट्याचे, गप्प बसले. तर हॉल खचाखच भरला की! आपल्या गावाकडनं ट्रॉलीत बसून माणसं आली. खालच्या गल्लीतला तुमचा जोडीदार भीमराव आला, इस्त्रीचा सदरा घालून. पोरगी पुण्याहून आलेलीच होती, ती माझा हात धरून बसली. मग पाटणकर सर उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सुभेदारसाहेब म्हणजे आपल्या भागातले निष्ठावंत पर्यावरणप्रेमी." का, तर त्यांनी नदीकाठी बांबू लावला. गुऱ्हाळात टायर जाळू दिले नाहीत. पलटणीतून पेन्शन घेऊन आल्यापासून सायकलच चालवली, पेट्रोलचा थेंब जाळला नाही. म्हणून समितीनं नदीकाठी जी नवी राई केली आहे तिला साहेबांचं नाव द्यायचं आणि पाटी लावायची, 'पर्यावरणप्रेमी सुभेदार शामराव स्मृतिवन'. "फक्त बाईंनी हो म्हणावं," म्हणाले, "पेंटर थांबलाय."

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून, नाहीतर वाजल्याच असत्या. मी म्हटलं, विचार करून सांगते. सगळ्यांना वाटलं, बाई गहिवरल्या. गहिवरतेय कसली, तिडीक मस्तकात गेली होती.

परत येताना पोरगी म्हणाली, "आई, चांगलंच बोलले की गं. शिवी तर नाही दिली?" मी म्हटलं, "शिवी दिली असती तर तुझ्या बापाला चाललं असतं."

तर पाटी रंगायच्या आधी तुमच्याशी बोलून घ्यावं म्हणून बसले आहे. पोरगी बाजारात गेली आहे. तुम्ही आता मध्येच उठून गुऱ्हाळावर जाऊ शकत नाही, एवढा एक फायदा आहे.

बांबूपासून सुरू करते. तो तुम्ही का लावलात हे समितीत कुणाला विचारायचंसुद्धा सुचलं नाही, ह्याचंच मला नवल वाटतं. गावातलं शेंबडं पोरही सांगेल. काहील वल्हवायला लावला! उसाचा रस आटवायची गुऱ्हाळातली ती थोरली लोखंडी काहील. पूर आला की जुनी माणसं तीच पाण्यात सोडून इकडची माणसं तिकडे न्यायची, हे आपल्या पट्ट्यात नवीन नाही. पण ती ज्याच्या त्याच्या नशिबावर चालायची. तुम्ही पलटणीत नदीवर पूल बांधायचं काम केलेलं, तुम्हाला ते बघवेना. गुऱ्हाळाचा हंगाम संपला, काहील घासून झाली, की मृगाच्या तोंडाला तुम्ही ती बैलगाडीत घालून नदीवर न्यायला लागलात. भीमराव आणि गल्लीतले गडी बरोबर. आणि मग तुमची ती कवायत! काहील पडली गोल, ती कुठली सरळ जाते? एकानं दाबलं की गरकन फिरते, दुसऱ्यानं दाबलं की उलटी फिरते. काठावर सगळं गाव पोट धरून हसतंय आणि तुम्ही मध्ये उभे राहून हिंदीत हुकूम सोडताय. भीमराव एकदा ओरडला होता, "सुभेदार, हिला तोंड कुठं हाय ते तरी सांगा, म्हंजी पुढं जायला बरं!"

मी त्या दिवशी शाळेतून लवकर आले होते. मला वाटलं, ह्यांना निवृत्ती झेपली नाही. म्हटलं, "अहो, गुळाचं भांडं ते. पूर आला तर तालुक्याला फोन करायचा. शासनाची बोट असते."

तुम्ही डोक्याचं पागोटं काढून पिळलंत आणि म्हणालात, "मास्तरीन, मदत येत्या. न्हाय म्हनत न्हाय म्या. पन ती तिच्या येळंनं येत्या. पानी त्याच्या येळंनं येतं."

बास. तेवढ्यासाठी तो बांबू. दरवर्षी ह्याच्या त्याच्या बेटातनं बांबू मागून आणायला नको, आपला आपल्याकडे असावा. काठाची माती त्यानं धरून ठेवली हे खरं, आणि ते मी तुम्हाला कौतुकानं दाखवलंही होतं. तर तुम्ही म्हणालात, "धरली आसंल. म्या काय तिला सांगितलं न्हवतं."

टायरचं तर विचारूच नका. शेजारच्या मळ्यातल्या गुऱ्हाळानं काहिलीखालच्या चुलाणात चिपाडाबरोबर टायर घालायला सुरुवात केली, काळा धूर गावावर यायला लागला. मी अर्ज लिहायला घेतला. तुम्ही माझ्या आधी त्याच्या बांधावर जाऊन उभे. काय तो आवाज! मला घरात ऐकू येत होतं. पण त्या सगळ्या शिव्यांत हवा, फुप्फुसं, लेकरंबाळं ह्यातलं काही आलं असेल तर शपथ. तुम्ही सारखं एकच सांगत होता, की गुळाला वास लागतोय आणि त्याच्यापायी सगळ्या गावच्या गुळाचं नाव जातंय. त्यानं टायर बंद केले. मी म्हटलं, बघा, आपण एकाच बाजूला आलो. तुम्ही लगेच पाऊल मागं घेतलंत. "तुज्या बाजूला न्हाय. गुळाच्या बाजूला."

एवढे हट्टी होता. आणि पाटणकर सर म्हणतात, निष्ठावंत!

मला कुणी विचारलं तर मी सांगेन की तुम्हाला नदीचं काही पडलं नव्हतं असं नाही. रोज पहाटे तिच्या पाण्यात उभं राहिल्याशिवाय तुम्हाला चहा गोड लागायचा नाही. तुमचं भांडण होतं ते आमच्या राजकारणाशी. "पर्यावरन म्हंजी काय, तर दुसऱ्यानं काय करायचं ते सांगायचं काम," हे तुमचं ठरलेलं वाक्य, पावण्यारावळ्यांसमोर माझी मान खाली घालायला काढून ठेवलेलं. मी चिडायचे. पण ते वाक्य खोटं ठरवायचं म्हणून घरचं सांडपाणी आधी परसात जिरवलं, मग दुसऱ्यांना सांगायला गेले. तो खड्डाही तुम्हीच खणलात. खणताना म्हणालात, "आता सांग जा लोकास्नी."

आणि ती परिषद! तुम्ही गेल्यापासून ती माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. समितीची पहिली मोठी परिषद, मी व्यासपीठावर. अध्यक्षस्थानी एका साखर कारखान्याचे चेअरमन, कारण मांडव, जेवण, सगळं त्यांनीच केलं होतं. ठराव मांडले जात होते. गणपती नदीत सोडू नयेत, म्हशी नदीत धुऊ नयेत, गुऱ्हाळांच्या धुराला आळा घालावा. तुम्ही मागच्या रांगेत. मला दिसत होतं, मिशीला हात गेला. मी मनात म्हणत होते, आज नको हो, आज बसून राहा. कशाचं काय! उभे राहिलात आणि माइक नसताना शेवटच्या खांबापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंत, "आमच्या म्हसरांचं कळलं. अध्यक्षांच्या कारखान्याचं पानी कुठं सोडत्यात, तेवढं सांगा की."

चेअरमन हसले, म्हणाले, सुभेदार, तो तांत्रिक विषय आहे. तुम्ही म्हणालात, "मंग म्हसरं बी तांत्रिकच हायत," आणि चप्पल घालून बाहेर. बाहेर येऊन बघते तर गेटजवळ सायकल धरून उभे, मला घरी न्यायला. मी डबलसीट बसले नाही. बसस्टॉपपर्यंत दोघं चालत आलो, भांडत. मी तेव्हाच सांगितलं होतं, त्या एका प्रश्नात तुम्ही बरोबर आहात, आणि बाकी सगळ्यात चूक. तुम्ही म्हणालात, "तुमी नदी धुवाय बसला न्हाईसा. नदीत पुढारी धुवाय बसलाय." पुढच्या ठरावात मी कारखान्याच्या पाण्याचा मुद्दा सगळ्यात वर घातला. चेअरमन पुन्हा कधी आमच्या मांडवात आले नाहीत. मांडवही आला नाही. शाळेच्या पटांगणात सतरंजीवर बसायला लागलो, आणि मला त्या सतरंजीचा अभिमान आहे.

पण तुम्हीही सगळं जिंकलात असं नाही हां. तुम्ही म्हणायचा, नदी ज्यानं पाणी प्यायचं त्यानं राखावी, गावानं गावापुरती. कायदा, बोर्ड, अधिकारी हे सगळं उपटसुंभ. मी एकदा विचारलं, "आणि खाली इचलकरंजीची माणसं? तीही हेच पाणी पितात. त्यांनी राखायला आपल्या गावात येऊन बसायचं होय? आपण वरून काहीही सोडावं आणि त्यांनी गाळून प्यावं?" तुम्ही मिशीवरून हात फिरवलात. मग म्हणालात, "च्या टाक." त्या चहाला मी साखर जास्तच घातली. ते उत्तर तुमच्याकडे राहिलं आहे अजून. द्यायचं राहून गेलं.

सायकलचं ऐकून तर मला कालच्या सभेत हसू फुटलं होतं, पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं हुंदका. धूर होतो म्हणून तुम्ही मोटरसायकल घेतली नाहीत म्हणे! तुमचं कारण वेगळंच. "तेल कुठनं येतं? परमुलखातनं. त्यास्नी उद्या वाटलं नळ बंद करावा, तर काय ढकलत न्यायची?" तुमच्या डोक्यात सगळ्या गोष्टी तिथंच जाऊन पोचायच्या. आपली राखण आपण करायची. दुसऱ्याच्या जिवावर उडी मारायची नाही. हे तुम्ही बांगलादेशाच्या लढाईतून घेऊन आला होता. एका मोठ्या देशाचं जहाज आपल्यावर चालून येतंय आणि दुसऱ्या मोठ्या देशाची जहाजं आपल्या पाठीशी आहेत, हे तुम्ही नदीकाठी चिखलात बसून रेडिओवर ऐकलं होतं. तुमच्याबरोबरचे नाचले. तुम्ही नाचला नाहीत. "म्हनलं, आज हे हायत. उद्या ह्यांचं आनि त्यांचं जमलं तर आपुन कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

म्हणून मग अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात अणुचाचण्या झाल्या तेव्हा तुम्हाला आकाश ठेंगणं झालं. आणि मी? मी समितीच्या मंडळींबरोबर बिंदू चौकात, तोंडाला काळी फीत बांधून, निषेधाला. घरातून निघताना आपण एकमेकांशी बोललोसुद्धा नाही. भर दुपार, डांबर वितळतंय, आम्ही ओळीनं उभे, आणि बघते तर रस्त्यावरून सायकलची घंटा. हँडलला गुळाची ढेप बांधलेली! उतरलात, ढेप फोडलीत, आणि मूक निषेधाच्या रांगेत एकेकाच्या हातात गुळाचा खडा ठेवत गेलात. तोंडं बांधलेली, कोण बोलणार? पाटणकर सरांच्या हातात तर दोन ठेवलेत. "फीत सोडल्याव खावा. घरचा हाय." माझ्यापाशी आलात तेव्हा गूळ दिला नाहीत. पिशवीतून तांब्याभर पाणी काढून पुढे केलंत आणि हळूच म्हणालात, "आगं, फीत वर करून घोटभर पी. चक्कर यील. निषेध नंतर कर." मी फीत वर केली, प्याले, परत खाली घेतली. माझं मत अजूनही तेच आहे. बॉम्बनं कुणाची राखण होत नाही. पण त्या पाण्याची चव मला अजून आठवते, आणि अशा माणसाबरोबर मी भांडत आले ह्याची मला भर चौकात ऐट वाटली होती.

आता पुराचं सांगते. म्हणजे तुम्हाला काय सांगायचं, तिथं मी होते तसे तुम्हीही होता. पण माझ्या बाजूनं तुम्ही कधी ऐकलं नाहीत.

दोन हजार पाचला पाऊस उसंत घेईना. धरणाचं पाणी सुटलेलं. सकाळी उठून बघतो तर खालच्या गल्लीत पाणी, बुद्धविहाराच्या पायऱ्या बुडालेल्या. मी तालुक्याला फोन लावला. "बोट निघाली आहे," म्हणाले. पुन्हा लावला. "निघाली आहे." तिसऱ्यांदा लागलाच नाही. तोवर तुम्ही आणि भीमराव काहील घेऊन खालच्या गल्लीच्या तोंडाला. मी तिथं पोचले तर तुमचं सगळं अडून बसलेलं. बायका काहिलीत बसायला तयार नाहीत. पोरांना उराशी धरून माळवदावर उभ्या आणि म्हणतात, आम्ही सरकारच्या बोटीला थांबतो. भीमरावची म्हातारी आईसुद्धा! "गुळात शिजवतासा काय आमास्नी," म्हणाली.

तुम्ही माझ्याकडे वळलात. तो चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. हुकूम नव्हता त्याच्यात. "मास्तरीन, तू बस आदी," म्हणालात. "तू बसलीस की ह्या बसत्यात. तुज्यावर इश्वास हाय त्यांचा. माज्यावर समदी हसत्यात."

अहो, मला पोहता येत नव्हतं. तुम्हाला ते माहीत होतं. मी लुगड्याचा ओचा घट्ट खोचला आणि बसले. काहील गरकन फिरली आणि मी दोन्ही हातांनी तिची कड धरली. तुम्ही "बायें! दायें! दम से!" म्हणून ओरडायला लागलात आणि मी डोळे मिटून त्याहून मोठ्यानं ओरडले, "आधी गप्प बसा हो तुम्ही!" माळवदावरच्या बायका भर पुरात खदाखदा हसल्या. आणि उतरायला लागल्या. भीमरावची आई पहिली.

तो दिवसभर काहील जात होती, येत होती. वरच्या अंगाला आपल्या मळ्यात सगळं गाव जमलं, चुलाणावर भात शिजला. दुसऱ्या दिवशी लष्कराची बोट आली. कोवळी पोरं, ओठावर मिसरूड. तुम्ही गुडघाभर चिखलात ताठ उभे राहून सलाम केलात. त्यांचा साहेब म्हणाला, किती लोक काढायचे आहेत? तुम्ही म्हणालात, "आमचं आमी काढलंय. आमच्याकडं येळ घालवू नका. पुढच्या गावाला जावा, तितं कुनी काढनारं न्हाय." त्या पोरानं तुम्हाला परत सलाम केला. मी लांबून बघत होते. माझा ऊर अभिमानानं एवढा भरून आला की मला बायकांना ते दिसू नये म्हणून भाताकडे जावं लागलं. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही आठवडाभर तेच सुनावलं असतंत.

पाणी ओसरल्यावर आपण पुन्हा सुरू झालो. मी म्हटलं, पात्रात भराव घातलेत, ओढे बुजवलेत, म्हणून पाणी गावात आलं, ह्याचा जाब विचारायला पाहिजे. तुम्ही म्हणालात, "का आलं ते तू हुडिक. आल्याव काय करायचं ते म्या बघतो." मी म्हटलं, "आणि बायका काहिलीत कुणामुळे बसल्या? त्या दिवशी तुम्ही कुणावर विसंबला होता?" तुम्ही म्हणालात, "तू काय दुसरी हाईस व्हय? घरच्यावर इसंबनं म्हंजी दुसऱ्यावर इसंबनं न्हवं."

त्या वाक्यावर मी खूश होते. इतकी वर्षं खूश होते.

आणि मग भीमरावनं परवा दिवसकार्य आटोपल्यावर मला बाजूला बोलावून सांगितलं. म्हणाला, "वैनी, सुभेदारांच्या छातीत दिवाळीपासनं कळ येत हुती. चुलाणापाशी बसायचे, हात दाबून धरायचे. मला शपथ घातलेली. म्हनले, मास्तरनीला सांगू नगंस, तिला उगा घोर."

आता मला सांगा, मी दुसरी होते का हो? गावाची राखण तुम्ही केलीत, देशाची केलीत, गुळाच्या वासाचीसुद्धा केलीत. आणि तुमची राखण करायची वेळ आली तेव्हा मला कळूसुद्धा दिलं नाहीत. दवाखाना काय लांब होता? मी तुम्हाला ओढत नेलं असतं. तुम्ही ओरडला असता, मी त्याहून मोठ्यानं ओरडले असते, जमलं असतं आपल्याला. फार राग आलाय मला तुमचा. रडून झालं, राग जात नाही. तुमच्या सगळ्या म्हणण्यात मला जर कुठं भोक दिसत असेल तर ते इथं आहे. तुमच्याशी भांडायला माझ्याकडे एवढा चांगला मुद्दा ह्याआधी कधीच नव्हता, आणि नेमके तुम्ही नाही.

असो. पोरगी बाजारातून आली, माझे डोळे बघितले आणि भाजी निवडायला बसली. मी उठून पाटणकर सरांना फोन केला. म्हटलं, सर, पाटी लावा, नाव द्या, पण पर्यावरणप्रेमी लिहायचं नाही. ते तसले नव्हते. त्यांना मेल्यावर आपल्यात ओढू नका. म्हणाले, मग काय लिहायचं, बाई? राई बघायला आलेला माणूस विचारणारच की हे कोण. मी म्हटलं, 'आमचे विरोधक' असं लिहा.

सरांनी ते शब्द दोनदा म्हणून बघितले. मग म्हणाले, "बाई, हे समितीपुढं ठेवावं लागेल."

त्यांनी लगेच आज दुपारीच बैठक बोलावली, तिथून आत्ताच आले. सतरंजीवर सगळे. मी माझं म्हणणं मांडलं. कुणी म्हणालं, मृत माणसाचा हा अपमान आहे. कुणी म्हणालं, लोक हसतील. पोरगी बरोबर आली होती, ती म्हणाली, "हसू द्या की. बाबांना सवय होती." मग पाटणकर सर उठले. मला वाटलं, आता गोड बोलून गुंडाळणार. तर ते म्हणाले, "त्या परिषदेत सुभेदारांनी एक प्रश्न विचारला आणि आपली जेवणं गेली. त्या दिवसापासून आपण कुणाचे मिंधे राहिलो नाही. आपल्यातल्या कुणी एवढं काम केलंय का? काल मी चुकीचं बोललो. ठराव मीच मांडतो." देवमाणूस म्हणते मी त्यांना, ते उगीच नाही.

तर पाटी अशी होणार: 'आमचे विरोधक सुभेदार शामराव यांच्या स्मरणार्थ'. पांढऱ्यावर हिरवी अक्षरं. माझी छाती अशी फुगली होती बैठकीत, की विचारू नका. विरोधकाच्या नावानं राई करणारी समिती ह्या जिल्ह्यात दुसरी असली तर दाखवा.

फक्त एक गोष्ट मला गोड लागली नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला. तुमच्या नावाचा ठराव, आणि एकानंही विरोधात हात वर केला नाही! सर विचारत होते, कुणाची हरकत? कुणाची हरकत? आणि मी वेड्यासारखी मागच्या रांगेकडे बघत होते. पेंटर उद्या सकाळी ब्रश लावणार आहे. तुमची काही हरकत असेल तर आत्ताच सांगा. चूक म्हणा, ह्यातसुद्धा राजकारण आहे म्हणा, काय वाटेल ते म्हणा. बोला. अहो, बोला की.